मधल्याने पिशवी उघडायची नाही

मुलांनो, वाचायला लागण्याआधी एक काम करा. हे पुस्तक मांडीवर ठेवा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. घट्ट. आता अशी कल्पना करा, की तुम्ही एका टेबलाशी बसला आहात. समोर दोन माणसं आहेत. त्यांचे ओठ हलताहेत. मध्येच ती तुमच्याकडे बघतात, मध्येच एकमेकांकडे. एक जण हसतो. बोलणं तुमच्याबद्दलच चाललंय एवढं तुम्हाला कळतं, पण काय चाललंय ते कळत नाही. तुमच्या शेजारी तुमची अकरा वर्षांची मुलगी बसली आहे. समोरच्यांचं बोलून झालं, की ती जे सांगेल तेवढंच तुमच्यापर्यंत पोचणार.

काढा आता बोटं. अश्विनीला ती काढता येत नाहीत. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

अश्विनी कोल्हारला राहते आणि ब्लाउज शिवते. तिची नजर अशी, की काखेतला एक टाका सुटला असला तरी चार हातांवरून दिसतो. तिची मुलगी मोनिका. मोनिकाला ऐकू येतं, आणि बोलायला तर ती दोघींच्या वाट्याचं बोलते. घरात मायलेकी हातांनी बोलतात. काही खुणा आईने नगरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेल्या, काही घरातच तयार झालेल्या. कानाची पाळी ओढली की समजायचं, शेजारच्या काकू आल्या.

अश्विनीला कारखान्यात नोकरी हवी होती. तपासणीच्या टेबलावरची, जिथे डोळा लागतो. मागच्या वर्षी एका कारखान्यात मुलाखत झाली तेव्हा मोनिका मधे बसली होती. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "धोक्याचा भोंगा वाजला तर हिला कसं कळणार?"

मोनिकाला तो प्रश्न आवडला नाही. आईला वाईट वाटेल, असं तिला वाटलं. म्हणून तिने हातांनी आईला विचारलं, "घर किती लांब आहे?" आईने उत्तर दिलं, "एसटीने दीड तास." मोनिका अधिकाऱ्याला म्हणाली, "आई म्हणते, ती बघेल काय ते."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यात एक ओळ होती : सुरक्षेच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अश्विनीने ते पत्र मोनिकासमोर ठेवलं, त्या ओळीवर बोट टेकवलं आणि हातांनी विचारलं, "हा प्रश्न मला कधी विचारला?"

पुढचे चार दिवस आई तिच्याशी जेव आणि झोप एवढंच बोलली.

आता तुम्हाला कळेल, की यंदा नगरच्या एमआयडीसीतून दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा अश्विनीने आधीच कळवून का टाकलं होतं : मी माझ्या दुभाषीमार्फत बोलेन. दुभाषी म्हणजे पुण्याच्या रोहिणीताई. हातांची भाषा तोंडाने आणि तोंडाची हातांनी सांगणं हे त्यांचं कामच. त्या येणार होत्या व्हिडिओ कॉलवर. मोनिकाला आई न्यायलाच तयार नव्हती. पण शाळेला सुट्टी, बाबा टेम्पो घेऊन बाहेरगावी, घरात दुसरं कुणी नाही.

"तू फक्त बसायचं," आईने एसटीत चार वेळा बजावलं.

कारखान्याच्या गेटवर सहादेव नावाचा वॉचमन होता. त्याने हात पुढे केला. "मोबाईल हितं ठिवा. आत न्यायचा न्हाई."

"तो आईचा हाय. तिला त्याच्यावर बोलावं लागतं," मोनिका म्हणाली.

"साहेबाचा बी जात न्हाई आत, पोरी." त्याने मोबाईल एकतीस नंबरच्या खणात ठेवला आणि पत्र्याचा बिल्ला दिला. एवढ्यात गेटबाहेर गेलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ परत आले. सहादेवने वहीत बघितलं. त्यांचं नाव बाहेर जाताना लिहिलेलं होतं, म्हणून त्याने काही न विचारता त्यांना आत घेतलं. बॅग घेतलेला एक विक्रेता मात्र तिथेच उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

हे गेट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

केबिन काचेची होती. तिथे तुषार सर बसले होते. माणसं निवडायचं आणि भरती करायचं काम त्यांचं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. "मुलाखत रविराज साहेब घेणार. ते अकराला येतील," ते म्हणाले, "आणि बारा वाजता पुण्याला निघतील. मग दहा दिवस नाहीत. तोवर ही जागा भरली जाईल. तेव्हा पटकन लावू या आपण."

त्यांनी कॉम्प्युटरवरून कॉल लावला. घंटी वाजली. रोहिणीताईंचं नाव उमटलं. पण नावाच्या वर नुसता काळा चौकोन आणि त्यात एक गरगरणारं चाक. त्यांनी कॉल तोडला, परत लावला. नाव, काळा चौकोन, चाक. परत. मोनिकाचा पाय हलायला लागला.

"थांब, फोनच करतो," म्हणत सरांनी टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला. "हॅलो, रोहिणी मॅडम? हां, हां. आवाज एकदम स्वच्छ येतोय!" त्यांनी स्पीकर चालू केला आणि फोन अश्विनीसमोर सरकवला. "घ्या. झालं काम."

अश्विनीने फोनकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं.

"सर," मोनिका म्हणाली, "तिला ऐकू येत नाही. म्हणून तर मॅडम पाहिजेत."

सरांचे कान लाल झाले. "हां, ते... सवयीनं झालं."

फोनमधून हसणं ऐकू आलं. "अहो तुषार सर, मला त्यांचे हात दिसले पाहिजेत आणि त्यांना माझे. मी इथे तयारच बसलेय. तुमच्याकडून काहीतरी अडतंय."

सरांनी फोन ठेवला, घड्याळ बघितलं आणि बोट मोनिकाकडे केलं. "मग ही आहे की! हीच सांगेल आईला."

ते बोट कशासाठी आहे हे कळायला अश्विनीला ऐकू यायची गरज नव्हती. तिने मान हलवली आणि हातांनी दोन शब्द सांगितले. ते मोनिकालाच मोठ्याने बोलून दाखवावे लागले.

"आई म्हणते, ही नको."

असं वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलून बघा एकदा. मोनिका खाली फरशीकडे बघत राहिली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपोआप उठत होते.

"बरं, मग दुसरा उपाय," सर म्हणाले. "एक फुकटचं ॲप मिळतं. माझा मित्र वापरतो. घेतलं की कसलीच अडवणूक नाही, सगळं थेट..."

"त्या माऊसवरचा हात काढ, तुषार."

दारात ते गेटवरचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. त्यांचं नाव रंगनाथ. पूर्वी टेलिफोन खात्यात होते, आता या कारखान्याचं नेटवर्क सांभाळत. खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर होता.

"काका, अकरा वाजले! अर्धा तास ती फायरवॉल बंद करा ना. कोण बघतंय?"

"मागं एकदा असंच मी म्हनलो हुतो, कोण बघतंय," रंगनाथकाका खुर्ची ओढत म्हणाले. "कॅमेरे बसवनाऱ्यासाठी नेटवर्कचं एक दार उघडं ठेवलं. दुपारपुरतं. संध्याकाळी लावायचं इसरलो. सोमवारी येऊन बघतो तर कॉम्प्युटरातल्या सगळ्या नकाशांना कुलूप, आन् ते कुलूप आपलं न्हाई, चोरांचं. नऊ दिवस कारखाना कागदावर चालला. तुझं ते फुकटचं ॲप कुनी लिहिलंय, ठाव हाय का तुला?"

सरांनी नुसतं घड्याळाकडे बोट केलं.

काकांनी मोनिकाच्या पायाकडे पाहिलं. "हिकडं ये. पाय हलवायचा तर हलव, पन वायरीला लागू देऊ नको. गेटवर सहादेव बघितलास ना? तसाच एक सहादेव या कॉम्प्युटरच्या वाटेवर बसलाय. त्याला फायरवॉल म्हनत्यात. आतून कुनी बाहेर गेलं की तो नाव लिहितो, आन् त्याचं उत्तर आलं की आत घेतो. न बोलावता आलेला बाहेरच उभा."

"तो बॅगवाला!" मोनिका म्हणाली.

"व्हय. आता तुझ्या रोहिणीताईंच्या हाफिसातबी एक सहादेव हाय. त्या म्हनत्यात, मी चित्र पाठवते. आपला सहादेव म्हनतो, तुमाला बोलावलंय कुनी? आपन पाठवतो, तर त्यांचा सहादेव तेच म्हनतो. घंटी पोचती, कारन ती निस्ती चिठ्ठी, रोजच्या दारानं जाती. चित्र आडतं."

"मग दोघांनी बाहेर यायचं," मोनिका म्हणाली. "रस्त्यावर."

काकांनी तिच्याकडे वळून बघितलं. "लई शहानी हायेस की. तेच करायचं. मधे एक जागा असती. आपन आपल्या दारानं निघून तिथवर जायचं, त्यांनी त्यांच्या दारानं. दोघंबी आतून बाहेर निघाले, म्हंजी दोन्ही सहादेव खूश. मधला मानूस हिकडची पिशवी तिकडं देतो, तिकडची हिकडं. रोहिणीताईंच्या संस्थेनं असा मधला ठेवलाय. त्याचा पत्ता त्यांनी आठ दिवसांपूर्वीच पाठवला हुता. तुषारनं तो मला दिला न्हाई. ह्या पडद्यावर त्यांची मेल तशीच पडलीय बघ."

सर खोकले.

"तर आता भिंत पाडायची न्हाई. त्या एका पत्त्याला, आपल्याच बाजूनं, साडेबारापर्यंत वाट द्यायची. आन् एक. आपला सहादेव एरवी येनाऱ्या-जानाऱ्या पिशव्या उघडून बघतो, कीड हाय का म्हनून. या पिशवीचं सील त्यानं फोडायचं न्हाई. फोडलं तर पलीकडं ती घेतच न्हाईत."

मोनिकाचा पाय थांबला. "तो मधला माणूस बघत नाही का आत काय आहे?"

"बघूच शकत न्हाई. किल्ली या टोकाला आन् त्या टोकाला. त्याच्याकडं न्हाईच."

"आणि त्याला वाटलं, की आतलं वाचून कुणाला वाईट वाटेल, म्हणून त्यानं दुसरंच घातलं, तर?"

"तर सील जुळायचं न्हाई. पलीकडचा ती पिशवी टाकून देईल," काका म्हणाले. "मधल्याचं काम निस्तं पोचवायचं. वाईट वाटायचं का न्हाई, ते ज्याचं त्यानं बघावं."

आई दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. तिने विचारलं, "काय म्हणतात?" मोनिकाने हात वर केले आणि सगळं सांगितलं. सील, पिशवी, मधला माणूस. तिने विचारलेला शेवटचा प्रश्नही सांगितला. तो सांगताना तिच्या खुणा जरा लहान झाल्या. आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

काकांनी एक कागद भरला : कुठला पत्ता, कशासाठी, किती वेळ. त्यावर रविराज साहेबांची सही लागत होती, आणि साहेब शेडमध्ये होते. काका कागद घेऊन गेले. अकरा दहा झाले. अकरा पंधरा. तुषार सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. "सहीसाठी एवढं! नुसतं एक बटण दाबायचं!" अकरा वीस. मोनिका उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली. आईने तिला हात धरून बसवलं.

अकरा पंचवीसला काका आले. त्यांच्या मागे रविराज साहेब, कानांतून पिवळे बोळे काढत. शेडमध्ये रबराच्या वायसरी बनवणारी यंत्रं इतकी धडधडत, की बोळ्यांशिवाय कुणी उभं राहत नसे.

काका दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसले. टकटक, टकटक. "लाव आता."

घंटी. नाव. काळा चौकोन. चाक फिरलं, फिरलं, आणि चौकोनात निळ्या भिंतीसमोर काळ्या कुर्त्यातली एक बाई उमटली. तिने हात हलवला. अश्विनी खुर्चीतून अर्धी उठली.

पण दोन वाक्यं झाली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चित्र सुरेख होतं, रोहिणीताईंच्या कानातलं चमकताना दिसत होतं, पण हात तुटत होते. एक इथे, पुढचा एकदम तिथे, मधला भाग नाहीच.

"क्लिअर आहे की," तुषार सर म्हणाले.

अश्विनीने काकांकडे वळून हातांनी काहीतरी सांगितलं. रोहिणीताई सांगतात का, म्हणून मोनिकाने आधी पडद्याकडे बघितलं, पण तो अडखळतच होता, म्हणून तिने जसंच्या तसं सांगितलं : "चित्र लहान चालेल. अंधुकही चालेल. पण तुटक नको."

"हे मला सुचलं नसतं बघ," काका म्हणाले. त्यांनी चित्र बारीक केलं. चेहरा धूसर झाला, कानातलं गेलं, आणि हात पाण्यासारखे वाहायला लागले.

अकरा बत्तीस. अश्विनीने मोनिकाला दाराकडे बोट दाखवलं. बाहेर बाक होता.

आता बघा काय झालं. मोनिका काचेबाहेर बसली. आत रविराज साहेबांचे ओठ हलत होते. तुषार सर हसले. मोनिकाला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. पण रोहिणीताईंचे हात आणि आईचे हात तिला काचेतून दिसत होते. साहेब काय विचारतात, ते तिला रोहिणीताईंच्या हातांतूनच कळत होतं.

शिवण किती वर्षं करता? बारा. एका जागी आठ तास बसाल? बसतेच आहे. मग साहेब एक वाक्य बोलले आणि त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. रोहिणीताईंचे हात उठले. मोनिका बाकावरून उभी राहिली, कारण पहिलीच खूण भोंग्याची होती.

भोंगा वाजला, तर तुम्हाला कसं कळणार?

रोहिणीताईंनी प्रश्न गोड केला नाही, अर्धा केला नाही. जसा होता तसा ठेवला. मोनिकाने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे वाईट वाटल्याचं काही नव्हतं. आई या प्रश्नाची वर्षभर वाट बघत होती. तिचे हात शांतपणे वर आले.

"भोंग्याबरोबर दिवा लावा. पेटला की मला दिसेल. आणि मी तुम्हाला विचारते. साहेब, तुमच्या खिशात ते पिवळे बोळे आहेत. आत सगळ्यांच्या कानांत ते आहेत. त्यांना भोंगा कसा ऐकू येतो?"

काचेपलीकडे रविराज साहेबांचा हात खिशाकडे गेला. मग ते मोठ्याने हसले. तो आवाज मात्र काचेतून बाहेर आला.

बाराला दहा कमी असताना दोघे बाहेर आले. साहेब तुषार सरांशी हळू आवाजात काही बोलले आणि बॅग घ्यायला पुढे गेले. आत अश्विनी पडद्यासमोर बसूनच होती. तुषार सर बाकावर परत बसलेल्या मोनिकाजवळ येऊन गुडघ्यांवर बसले.

"हे बघ बाळा. साहेबांना तुझी आई आवडली. पण दिवा बसवायला मालकांची परवानगी लागेल, ती कधी मिळेल सांगता येत नाही. तोवर तपासणीचं टेबल नाही देता येणार. पॅकिंगला घेऊ म्हणतात. पण हे तिला आत्ता नको सांगूस. एवढी खुशीत आहे, वाईट वाटेल तिला. नुसतं सांग, सोमवारी कळवतो म्हणाले. सांगशील ना?"

मोनिकाचे हात आपोआप वर उठले. एक खूण करायची होती, फक्त एक. सोमवार. आई हसली असती. एसटीत दीड तास हसत गेली असती.

काचेतून आईने तिच्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या : काय म्हणाले?

मोनिका उठली. तिने काचेचं दार उघडून धरलं.

"सर, तुमीच सांगा. रोहिणीताई अजून हायेत. लाईन साडेबारापर्यंत चालू हाय."

"अगं, पण..."

ती दार धरून उभीच राहिली. सर आत गेले. तिने त्यांची खुर्ची कॅमेऱ्यासमोर सरकवली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. मग बाकाच्या दुसऱ्या बाजूला पाय टाकून ती काचेकडे पाठ करून बसली.